गुद्रूनमावशीचा देश

सुके बोंबील भाजायचे असले की आमच्या घरात आधी खिडक्या बंद व्हायच्या. मग जिन्याखालच्या खुंट्यांवरचे कोट उचलून वरच्या बेडरूममध्ये नेले जायचे, स्वयंपाकघराच्या दाराखाली ओला टॉवेल खोचला जायचा, आणि एवढी सगळी तयारी झाल्यावर आई एखादं चोरटं काम करावं तसा गॅस पेटवायची. वेम्बलीला इलिंग रोडवर एक दुकान होतं, तिथून महिन्यातून एकदा भाजी आणि पिठं आणताना ती बोंबलांचं एक पुडकं घ्यायची आणि पिशवीच्या तळाशी, चणाडाळीखाली दडवायची. बाबा कराडचे. मटण खातील, पण सुक्या मासळीचा वास आला की कपाळाला आठ्या. त्यातून एकदा डावीकडच्या शेजाऱ्यांनी अगदी अदबीनं त्यांना विचारलं होतं, तुमच्या ड्रेन्सना काही प्रॉब्लेम झालाय का म्हणून. त्या दिवसापासून बोंबील फक्त बाबांची रविवारची ड्यूटी असेल तेव्हाच. बाबा हॉस्पिटलमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डचे डॉक्टर होते आणि त्यांचे रविवार बरेचदा तिकडेच जायचे, त्यामुळे आमची उपासमार झाली नाही.

स्लाऊतलं ते घर काही मोठं नव्हतं. सगळ्या रस्त्यावर सारखीच विटांची घरं, पुढे हातरुमालाएवढी बाग, मागे जरा लांबट लॉन. उजवीकडच्या घरात मिसेस हॅरिस राहायच्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, कमरेत एका बाजूला दुखणं असल्यानं चालताना जरा कलायच्या. दोन वर्षांत आमचं त्यांच्याशी "मॉर्निंग" आणि "लव्हली डे" यापलीकडे बोलणं झालेलं नव्हतं. त्या इंग्लिश आहेत असंच आम्ही धरून चाललो होतो. केस पांढरेशुभ्र, डोळे निळे, आडनाव हॅरिस. आणखी काय असणार?

त्या रविवारी उन्हाळा होता आणि स्वयंपाकघरात जीव घुसमटत होता. आईनं वैतागून मागची खिडकी उघडली, "पाचच मिनिटं" म्हणाली. पाच मिनिटं व्हायच्या आत पुढच्या दारावर थाप पडली. आईच्या हातातला चिमटा तसाच राहिला. ती वेंगुर्ल्याची, घाबरली की तिची भाषा सरळ समुद्रावर जायची. "अरे देवा! आली गो बाय कंप्लेंट करूक! वृंदा, तू जा. सांग, आई घरात नाही."

मी दार उघडलं. मिसेस हॅरिस डोळे मिटून उभ्या होत्या आणि लांब श्वास घेत होत्या. मी "सॉरी" म्हणायला तोंड उघडणार तोच त्यांनी विचारलं, "कोण मासे सुकवतंय?"

"सुकवत नाही, भाजतोय," मी म्हणाले. "आई भाजतेय. आम्ही खिडकी बंद करतो, सॉरी."

"बंद करू नका," त्या म्हणाल्या, आणि मला बाजूला सारून जवळजवळ पळतच आत गेल्या, कमरेचं दुखणं विसरून. ओट्यापाशी उभं राहून त्यांनी ताटलीतला एक न भाजलेला बोंबील उचलला, उजेडात धरला, वास घेतला, आणि आईला विचारलं, "हातोडी आहे?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. हातोडी गॅरेजमध्ये होती. आईनं मुकाट्यानं खलबत्त्यातला बत्ता पुढे केला. मिसेस हॅरिसनी तो बोंबील पाटावर ठेवून चांगला बडव-बडव बडवला, त्याचे तंतू सुटे केले, फ्रीज स्वतःच उघडून बटर काढलं, त्या तंतूंना फासलं आणि खाल्लं. कच्चाच. आईचा चेहरा मला अजून आठवतो. एक तर आपण चोरून खातो ती वस्तू कोणी गोरी बाई उघड खातेय, त्यातून ती भाजलेलीसुद्धा नाही. आणि मग त्या बाईंच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं, तेव्हा आईनं एवढंच केलं, की गॅस बारीक केला आणि खुर्ची ओढून दिली.

"मी आइसलँडची," त्या म्हणाल्या.

मला त्या वयात आइसलँड म्हणजे नकाशात वरच्या कोपऱ्यात, ग्रीनलँडच्या कुशीत पडलेला एक तुकडा, एवढंच माहीत होतं. शाळेत इतिहासाच्या तासाला आम्ही राजे आणि त्यांच्या राण्या यांतून बाहेर पडत नव्हतो. त्या तुकड्यावर माणसं राहतात आणि त्यांना इतिहास आहे, हे मला बटर लावलेल्या बोंबलासमोर बसून कळलं.

त्यानंतरच्या वर्षभरात मिसेस हॅरिस आमच्या गुद्रूनमावशी झाल्या. आईनं आधी नाव नीट विचारून घेतलं. गुद्रून हेच त्यांचं नाव. हॅरिस हे नवऱ्याचं. त्यांच्या देशात आडनावं नसतात, त्यांनी सांगितलं. मुलाला किंवा मुलीला बापाचं नाव लागतं, अमक्याचा मुलगा, अमक्याची मुलगी, आणि लग्न झालं तरी ते बदलत नाही. पंतप्रधानालासुद्धा लोक पहिल्या नावानंच हाक मारतात. "मी मैलोन् मैल समुद्र ओलांडून इथे आले," त्या म्हणाल्या, "आणि एका सहीबरोबर माझा बाप माझ्या नावातून गेला." मग त्यांनी आईला विचारलं, "सुमती हे तुला तुझ्या वडिलांनी दिलेलं नाव?"

आई हसली. "नाही. हे लग्नात ठेवलं. आधी प्रभा होते."

"पहिलं नावसुद्धा बदलतात?" गुद्रूनमावशीनं कप खाली ठेवला. "मग मी तुला प्रभाच म्हणणार."

काही आठवड्यांनी बाबा कामावरून आले तेव्हा कुंपणापलीकडून "प्रभा! प्रभा!" अशा हाका चालल्या होत्या, आणि बाबांनी मला खरोखर विचारलं, "ही प्रभा कोण नवीन राहायला आली?" मी आईकडे बोट दाखवलं.

दुपारी शाळेतून आले की मला स्वयंपाकघरात त्या दोघी सापडायच्या. आई पोळ्या लाटत असायची, गुद्रूनमावशीच्या सुया चालू असायच्या आणि तोंडही. त्यांचा इतिहास सांगण्याचा काही क्रम नसे. आज हजार वर्षांपूर्वीचं, उद्या परवाचं. नॉर्वेच्या राजाशी न पटलेले लोक गलबतं घेऊन निघाले, येताना आयर्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यांवरून बायका पळवून आणल्या, आणि त्या रिकाम्या बेटावर शेतं धरून राहिले. "माझ्या किती तरी आज्या इथल्याच," त्या बोटानं जमीन दाखवून म्हणायच्या. "त्यांना ओढून नेलं, मी आपणहून परत आले." त्या लोकांनी राजा ठेवलाच नाही. दर उन्हाळ्यात सगळे एका मैदानावर जमायचे, आणि एक माणूस खडकावर उभा राहून कायदे म्हणून दाखवायचा. पाठ, लिहिलेलं काही नाही. दर वर्षी एक तृतीयांश, की तीन वर्षांत सगळा कायदा सगळ्यांच्या कानावरून जाई. आईला हे फार आवडलं. तिच्या माहेरी रोज संध्याकाळी परवचा म्हणायची पद्धत होती. पाठ असण्याला ती मान द्यायची.

एकदा त्यांनी सांगितलं, की पुढे अर्धे लोक ख्रिस्ती व्हायला निघाले, अर्धे जुन्या देवांचे, लढाई जुंपायची वेळ आली. तेव्हा तो कायदा सांगणारा माणूस, स्वतः जुन्या देवांचा, दिवसभर आणि रात्रभर पांघरूण डोक्यावरून घेऊन पडून राहिला. उठला आणि निवाडा दिला: सगळ्यांनी ख्रिस्ती व्हायचं, पण कोणाला घरात जुन्या देवांना काही वाहायचं असेल, घोड्याचं मांस खायचं असेल, तर खुशाल खावं. बाहेर दिसू नये म्हणजे झालं.

आईचं लाटणं थांबलं. "म्हणजे माझ्या बोंबलांसारखंच," ती म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की पोळी करपली.

सगळंच हसण्यासारखं नव्हतं. मग नॉर्वेचा राजा आला, मग डेन्मार्कचा. परक्या देशाशी व्यापार केला तर शिक्षा, आणि डॅनिश व्यापारी देतील तो दाणा गोड मानून घ्यायचा. मग जमीन फाटली, महिनोन् महिने आग ओकत राहिली, विषारी धुकं पसरलं. गवत खाऊन मेंढ्या मेल्या आणि मेंढ्यांमागून माणसं. त्या धुक्यानं इंग्लंडमध्येसुद्धा सूर्य लाल दिसायचा म्हणे. उरलेल्यांना उचलून डेन्मार्कला नेऊन वसवावं, असाही विचार झाला होता असं सांगतात. "पण राहिले," मावशी म्हणायच्या. त्यांच्या बहुतेक गोष्टी याच शब्दावर संपायच्या.

बाबा या बैठकांपासून लांब असायचे. पण एका संध्याकाळी मावशी माशांवरून झालेल्या भांडणाबद्दल सांगत होत्या, ते भांडण तेव्हा अजून ताजंच होतं. आइसलँडनं आपल्या भोवतालच्या समुद्रात परक्या बोटींना बंदी केली, इंग्लंडनं आपल्या मच्छीमार बोटींमागे आरमार पाठवलं, आणि आइसलँडच्या गस्ती बोटी मागून येऊन त्या बोटींच्या जाळ्यांचे दोर कापून पळून जायच्या. बाबा पेपर खाली करून ऐकायला लागले.

"त्यांचं आरमार किती मोठं?" त्यांनी विचारलं.

"आरमार नाही. सैन्यच नाही आम्हाला."

"सैन्य नाही? आणि जिंकलं कोण?"

"आम्ही."

बाबा उठले, कपाटातून शेरीची बाटली काढली आणि गुद्रूनमावशीला स्वतःच्या हातानं ग्लास भरून दिला. हॉस्पिटलात त्यांच्या मागून आलेले लोक त्यांच्या पुढे कसे गेले, हे ते घरी कधी बोलत नसत. पण त्या संध्याकाळी ते बराच वेळ खुशीत गुणगुणत होते.

स्वतःची गोष्ट मावशीनं सगळ्यात शेवटी सांगितली. त्या पश्चिमेकडच्या एका मच्छीमार गावातल्या. विशीत राजधानीला बेकरीत काम करायच्या. एका मे महिन्यात सकाळी बंदरात इंग्लंडची जहाजं उभी. जर्मनांनी डेन्मार्क घेतलं होतं, त्यांनी आइसलँडही घेऊ नये म्हणून इंग्रजांनी आधीच घेतलं. न विचारता, पण गोळीही न झाडता. शिपाई गल्ल्यांतून फिरायला लागले, बेकरीतही यायला लागले, आणि त्यातला आर्थर हॅरिस नावाचा एक जण पावाचं आइसलँडिक नाव रोज चुकीचं म्हणायचा. शिपायांबरोबर फिरणाऱ्या मुलींबद्दल तेव्हा गावभर काय काय बोललं जायचं. पाळत ठेवली जायची, काहींना पकडून दूर शेतांवर नेऊन ठेवलं. आर्थरशी लग्न करायचं ठरलंय हे मावशी घरी सांगायला गेल्या, तेव्हा वडील जाळी दुरुस्त करत राहिले. भाऊ योन आठ वर्षांनी मोठा, त्यानंच त्यांना पोहायला आणि जाळं विणायला शिकवलेलं. त्यानं त्यांची बॅग उचलली आणि दाराबाहेर ठेवली.

"मग डेन्मार्कपासून आम्ही मोकळे झालो," मावशी म्हणाल्या. "त्याच मैदानावर, पावसात, सगळा देश जमला होता. मी इथे हाय स्ट्रीटवर बटाट्यांच्या रांगेत उभी होते. कोणाला सांगणार? मी शेजारच्या बाईला म्हटलं, आज माझा देश स्वतंत्र झाला. ती म्हणाली, हो का, छान."

त्या परत गेल्या नव्हत्या. एकदाही नाही.

पुढच्या वसंतात त्यांच्या दारात एक उंच, तरतरीत बाई येऊन उभी राहिली. योनची मुलगी, इंगा. बँकेत काम करायची, कोर्ससाठी लंडनला आली होती, आणि जुन्या ओळखीपाळखीतून आत्याचा पत्ता शोधत स्लाऊपर्यंत आली होती. मावशीनं तिला सरळ आमच्याकडेच आणलं. इंगा बोलायला मोकळी. एके वर्षी देशातल्या बहुतेक सगळ्या बायकांनी एक दिवस काम बंद ठेवलं होतं, ऑफिसातलं, मासळीच्या कारखान्यातलं आणि घरातलंही; त्या दिवशी योनला जन्मात पहिल्यांदा स्वतः मासे उकडून खावे लागले, हे सांगताना तिला हसू आवरेना. आता तर देशानं एका बाईलाच राष्ट्राध्यक्ष केलंय. "तू गेलीस तो देश आता नाही, आत्या," ती म्हणाली. "जूनमध्ये बाबांना सत्तर पुरी होतात. तू ये."

"त्यानं बोलावलंय?"

इंगानं खरं ते सांगितलं. "नाही. मी बोलावतेय."

ती गेल्यावर मावशी दोन दिवस आमच्याकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आईच कुंपणाशी गेली. मावशी म्हणाल्या, कंबर अशी, विमानात एकटी कशी चढू, आणि त्यानं पुन्हा दाराबाहेर केलं तर परत कशी येऊ? आई तशीच आत आली, हात पुसले आणि जेवायला बसलेल्या बाबांसमोर उभी राहिली.

"अहो, मी गुद्रूनताईंबरोबर आइसलँडला जाते."

बाबांचा घास हातात राहिला. आई तोवर वेम्बलीपलीकडे एकटी कुठे गेली नव्हती. "तू? अगं, त्यांच्या घरातलं भांडण आहे ते. आपण कशाला मध्ये पडायचं?"

"मध्ये नाही, सोबत. वृंदालाही नेते. तिची परीक्षा संपतेय."

"सुमती, जरा विचार कर."

"केलाय," आई म्हणाली. "माझे अप्पा गेले तेव्हा तार आली ती तेराव्यानंतर. मला जाता आलं नाही, तो काही तुमचा दोष नव्हता. पण ह्यांना जाता येतंय. भाऊ जिवंत आहे. मी नाही गेले तर त्या जाणार नाहीत." मग तिनं त्यांच्या पानात आमटी वाढली, म्हणजे बोलणं संपलं.

आम्ही निघालो तेव्हा आईनं नऊवारी नव्हे, साधी सुती पाचवारी नेसली होती, त्यावर दोन स्वेटर आणि वरून बाबांचा ओव्हरकोट, जो तिच्या घोट्यापर्यंत येत होता. विमानतळावर इंगा न्यायला आली होती. तिथून गाव लांब, पण मावशीला आधी ते मैदान बघायचं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळा दगड आणि त्यावर शेवाळ्याची जाड दुलई. झाड नाही, घर नाही. मैदान आलं तेव्हा आई गाडीतून उतरली, चारी दिशांना पाहिलं. एक लांबच लांब फाटलेला कडा, खाली नदी, गवत, एक झेंडा.

"राजवाडा कुठेय?" तिनं विचारलं.

"राजाच नव्हता," मावशी म्हणाल्या.

"मग देऊळ? एखादी भिंत? इतिहास ठेवलाय कुठे यांनी?"

"इथे, पाठ," म्हणत मावशीनं आपल्या ओठांवर बोट टेकवलं आणि मग त्या खडकावरच्या झेंड्याकडे बघत राहिल्या. तो झेंडा त्या पहिल्यांदाच तिथे फडकताना बघत होत्या. वारा इतका होता की आईनं त्यांचा आणि आपला, दोघींचे हात एकाच खिशात घातले.

खाली नदीत एक डोह होता, हिरवट, संथ. पूर्वी चुकलेल्या म्हणून ठरवलेल्या बायकांना पोत्यात घालून त्यात बुडवायचे, इंगानं सांगितलं. मावशी तिथेच थांबल्या. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. इंगानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आता इथे कोणी कोणाला बुडवत नाही, आत्या." आईला इंगाचे इंग्रजी उच्चार नीट कळत नसत, मी मराठीत सांगितलं. आईनं त्या पाण्याला हात जोडले, ओठांतल्या ओठांत काही तरी म्हणाली, आणि मग मोठ्यानं म्हणाली, "चला. उशीर करू नका."

योनचं घर पन्हळी पत्र्यांचं होतं, भिंतीही पत्र्याच्या, पांढऱ्या, छप्पर लाल. बाहेर वाळत घातलेल्या माशांचा वास, आणि आत कॉफीचा. टेबलावर थरांचा केक, धुरी दिलेलं मटण घातलेल्या पातळ भाकऱ्या, आणि पीळ देऊन तळलेले एक प्रकारचे तुकडे, जे पाहून आई मला म्हणाली, "ही तर शंकरपाळीच!" पण ते नंतर. आम्ही दारात उभ्या राहिलो तेव्हा वीस-पंचवीस माणसं होती आणि सगळ्यांच्या माना एकदम आमच्याकडे वळल्या. मावशी आईच्या हाताला धरून होत्या. खिडकीशी आरामखुर्चीत एक रुंद खांद्यांचा म्हातारा बसला होता. त्यानं मावशीकडे पाहिलं. ओळखलं हे मला दिसलं. मग त्यानं तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

इंगानं आम्हाला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. लोक वाईट नव्हते; कपात कॉफी आली, बशीत केक आला, बायका येऊन मावशीशी बोलू लागल्या. मावशी चाळीस वर्षांत पहिल्यांदा आपल्या गावात आपल्या भाषेत बोलत होत्या. कोपऱ्यातली मुलं फिदीफिदी हसायला लागली. इंगा मला कुजबुजली, "ती आमच्या पणजीसारखं बोलते. हे शब्द आता कोणी वापरत नाही." मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. हल्ली वाटतं. परवा पुण्यात मी भाच्याला म्हटलं, बशा फडताळात ठेव, तर तो पोट धरून हसला, वृंदामावशी, फडताळ काय! आईबाबांनी जी मराठी बरोबर आणली, तीच आमच्या घरात राहिली. मेडनहेडच्या माझ्या स्वयंपाकघरात ती अजून तशीच आहे.

इंगा माझ्या कानात इंग्रजीत अर्थ सांगत होती. कोणी तरी मावशीला विचारलं, तिकडे दिवसभर काय करतेस? विणते, त्या म्हणाल्या, आणि संध्याकाळी... त्या अडखळल्या. त्या बेटावरून निघाल्या तेव्हा ती वस्तूच नव्हती. त्यांच्या तोंडून इंग्रजी शब्द गेला: "टेलिव्हिजन."

कोपऱ्यातली मुलं पुन्हा हसली. मावशीचा चेहरा लाल झाला. त्या देशात परक्या भाषेचा शब्द सहसा घेत नाहीत, नव्या वस्तूला आपल्याच जुन्या शब्दांतून नाव घडवतात, हे मला नंतर समजलं.

"स्योनवार्प," खिडकीकडून आवाज आला. योननं मान वळवली नव्हती.

मावशी वळल्या. "काय म्हणालास?"

"स्योनवार्प."

"दृष्टी फेकणं," इंगानं मला अर्थ सांगितला. "टीव्हीला आमचा शब्द." अगदी आपला दूरदर्शन.

मावशीनं तो शब्द म्हणून पाहिला. चुकला असावा, कारण योननं तो पुन्हा म्हटला, सावकाश, लहान मुलाला सांगावा तसा. मग मावशीनं हात उचलला आणि ओट्याजवळच्या फ्रीजकडे बोट दाखवलं. "आणि ते?"

"ईस्काउपुर." बर्फाचं कपाट.

"रस्त्यात आमच्यावरून एक उडत गेलं. पंखे वर असतात ते."

"थिर्ला." गरगरणारी. आता त्यानं खुर्ची जरा फिरवली होती.

"इंगाच्या बँकेत ते यंत्र आहे म्हणते, आकडेमोड करणारं."

"टोल्वा," योन म्हणाला, आणि इंगानं माझ्या कानात सांगितलं, की आकडा आणि भविष्य सांगणारी बाई या दोन शब्दांचा तो जोड आहे. मुलं हसायची थांबली होती. मावशी एकेक वस्तू विचारत होत्या, त्या गेल्यानंतर त्या बेटावर आलेली एकेक, आणि म्हातारा तिचं नाव देत होता. आईला भाषा कळत नव्हती. तिनं माझा हात मात्र घट्ट धरून ठेवला होता.

मग मावशीनं एक लांब वाक्य म्हटलं आणि इंगा भाषांतर करायची थांबली. मी तिला कोपरानं ढोसलं. ती हलक्या आवाजात म्हणाली, "ती विचारतेय, बहिणीची बॅग दाराबाहेर ठेवणं, याला काय शब्द आहे?"

योननं आपल्या हातांकडे पाहिलं. जाळी ओढून ओढून बोटं वाकडी झालेले हात.

"त्याला नवा शब्द लागत नाही," तो म्हणाला. "जुनाच आहे. मूर्खपणा."

मग तो उठला, स्वतः एक खुर्ची उचलून आणली आणि आपल्या खुर्चीशेजारी खिडकीपाशी ठेवली. मावशी कलत कलत तिथपर्यंत गेल्या. त्यानंतर ती दोघं काय बोलली ते आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. आई त्या शंकरपाळ्यांकडे वळली, चार खाल्ल्या, आणि यात वेलदोडा घालतात का हे मला इंगाला विचारायला लावलं. घालतात, असं उत्तर आलं.

आठवडाभर राहून परत यायचं ठरलं होतं. निघायच्या आदल्या सकाळी मावशीनं आईला बाहेर बोलावलं. समुद्र अगदी अंगणाशी होता. "प्रभा," त्या म्हणाल्या, "मी येत नाही. सामान आणायला एकदा येईन. राहायला नाही." आईनं एवढंच विचारलं, "जमेल ना तुम्हाला?" आणि मावशी म्हणाल्या, "शब्द थोडे शिकायचे राहिलेत." मग दोघी कितीतरी वेळ वाऱ्यात उभ्या होत्या. मी आत येऊन बॅगा भरल्या.

पुढे मी डॉक्टर झाले नाही. बाबांनी मनात धरलं होतं, पण मी इतिहास घेतला आणि जन्मभर तोच शिकवला. घरात त्यावरून दोन आठवडे अबोला होता, आणि त्या वादात आई पहिल्यांदा उघडपणे माझ्या बाजूनं बोलली. मावशीनं पुढची कितीतरी वर्षं त्या पत्र्याच्या घरात काढली. आम्ही तिघंही एकदा जाऊन राहून आलो. पण हे सगळं नंतरचं, आणि मला राहून राहून आठवते ती परतीची दुपार.

बाबा हीथ्रोवर घ्यायला आले होते. त्यांनी आमच्या मागे पाहिलं, पुन्हा पाहिलं. "मिसेस हॅरिस कुठेत? मागे राहिल्या का?"

"राहिल्या," आई म्हणाली. "घरी राहिल्या."

बाबांनी तिच्या खांद्यावरची पिशवी आपल्याकडे घेतली. गाडीत बसल्यावर किल्ली फिरवण्याआधी म्हणाले, "सांग. अगदी पहिल्यापासून सांग." आणि आमच्या घरात एरवी ऐकण्याचं काम करणारी आई बोलायला लागली. विमानात काय दिलं इथपासून. काळे दगड, शेवाळं, राजाशिवायचं मैदान, तो डोह. बाबा मध्ये मध्ये विचारत होते, "मग?" हीथ्रो ते स्लाऊ अंतर ते केवढं! गाडी आमच्या दारात येऊन थांबली, बाबांनी इंजिन बंद केलं, शेजारच्या बंद घरावर ऊन पडलं होतं. कोणीच उतरलं नाही. आई अजून योनच्या दारापर्यंतही पोचली नव्हती.